नंदू भेंडे : मराठी नाटकातला रॉकचा गळा

मराठी रंगभूमीवरच्या गायक नटांची यादी करायला कुणी बसलं, तर ती भाऊराव कोल्हटकर, केशवराव भोसले, बालगंधर्व, दीनानाथ असं करत वसंतराव देशपांड्यांपर्यंत येते. तिच्यात नंदू भेंडे हे नाव माझ्या वाचनात कधी आलं नाही. ते असायलाच हवं, असं माझं ठाम मत आहे.

नंदू हा आत्माराम आणि आशा भेंडे यांचा मुलगा. ‘झोपी गेलेला जागा झाला’सारख्या फार्सांमुळे आत्माराम भेंडे हे नाव घराघरांत पोहोचलं होतं. आशाताई माहेरच्या लिली इझिकेल, कवी निस्सीम इझिकेल यांच्या भगिनी. त्यांचा बेने इस्रायली ज्यू समाज मूळचा आमच्याच रायगडातला. पिढ्यान्‌पिढ्या तेलाचा घाणा चालवायचा आणि शनिवारी मात्र तो बंद ठेवायचा, म्हणून कोकणात यांना ‘शनवार तेली’ म्हणत. खांदा कॉलनीतून जुन्या पनवेलात गेलं, की त्यांचं १८४९ सालचं बेथ एल सिनेगॉग आजही दिसतं. एका अंगाला मराठी नाटक आणि दुसऱ्या अंगाला इंग्रजी कविता, अशा घरातला हा मुलगा ‘सॅव्हेज एन्काउंटर’, ‘वेल्व्हेट फॉग’ अशा मुंबईच्या रॉक बँडमधून गाऊ लागला.

तो काळच तसा होता. १९६९ मध्ये अमेरिकेच्या दक्षिणेत, फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलला ऑलमन ब्रदर्स बँड उभा राहिला आणि मिसिसिपीच्या कापसाच्या शेतांवर राबणाऱ्या काळ्या मजुरांचं ब्लूज नव्या पिढीच्या गिटारवर चढलं. ब्लूजची बांधणी अगदी साधी आहे. एक ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची आणि तिसऱ्या ओळीत तिला उत्तर द्यायचं. चार-चार मात्रांच्या बारा खंडांत हे चक्र पुरं होतं. त्याला आधार सा, म आणि प या तिघांचा. गाणारा मात्र कोमल आणि शुद्ध गंधाराच्या मधल्या जागेत रेंगाळतो आणि सगळं दुःख तिथंच साठतं. याच ब्लूजवर उभ्या राहिलेल्या रॉकमध्ये ड्रमचा जोरकस ठोका दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर पडतो. समेची वाट पाहणाऱ्या आपल्या कानाला तो सुरुवातीला चुकल्यासारखाच वाटतो.

१९७४ मध्ये अलेक पदमसींनी ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’ हा रॉक ऑपेरा मुंबईत केला आणि त्यात नंदूला ज्यूडासची भूमिका दिली. नाटकातलं पहिलं गाणं ज्यूडासचंच. भूमिका गळ्याची परीक्षा पाहणारी : स्वर पार वरचा, त्यात संताप आणि पश्चात्ताप एकाच श्वासात. या भूमिकेनं मुंबईच्या इंग्रजी नाट्यवर्तुळात त्याचं नाव झालं.

मला त्याहून मोठी वाटते ती पुढची कामगिरी. १९७८ मध्ये पुण्याच्या थिएटर अकॅडमीनं ‘तीन पैशाचा तमाशा’ रंगभूमीवर आणलं. जर्मन नाटककार ब्रेख्तच्या १९२८ सालच्या बर्लिनमधल्या संगीतिकेला पु. ल. देशपांड्यांनी मराठी रूप दिलं होतं, दिग्दर्शन जब्बार पटेल यांचं होतं. संगीतात भास्कर चंदावरकर आणि आनंद मोडक यांच्या बरोबरीनं नंदू भेंडेही होता. नाट्यपद, लावणी, पॉप असं सगळं त्यात एकत्र नांदत होतं. माधुरी पुरंदरे, चंद्रकांत काळे असे ताकदीचे गाणारे त्यात होते. आणि अंकुश हा गुंड, मूळ नाटकातला मॅक, नंदूनं उभा केला.

मराठीत रॉक गाण्यातली अडचण गाणाऱ्यालाच कळेल. इंग्रजीत एका अक्षरावर भार टाकून बाकीची गिळता येतात, आणि रॉकचा ठोका त्या भारावरच स्वार होतो. मराठीत एक अक्षर खाल्लं, तरी शेवटच्या रांगेतून ‘काय म्हणाला?’ असा प्रश्न येतो. नाट्यसंगीतानं यावर मोकळा आकार आणि तान हा तोडगा काढला होता. रॉकमध्ये तान नाही. शब्द फेकावा लागतो आणि आवाजाला खरड हवी. नंदूनं ती खरड ठेवली आणि शब्दही स्वच्छ ठेवला. पु. लं.च्या भाषेतला खट्याळपणा त्या फेकीत जरासुद्धा हरवला नाही. अंकुशची गाणी ऐकताना मराठी शब्दांना उसना वेश चढवल्यासारखं वाटतच नाही, याचं श्रेय मी त्याच्या कानांवर लहानपणापासून पडलेल्या मराठी नाटकाला देतो.

पुढं पोटापाण्याचं काम बरंच झालं. १९८२ च्या ‘डिस्को डान्सर’मध्ये बप्पी लाहिरींनी त्याच्याकडून कृष्णाला आळवणारं गाणं गाऊन घेतलं. ते देशभर वाजलं, पण गायकाचं नाव फारच थोड्यांना ठाऊक झालं. दूरचित्रवाणी मालिकांना संगीत देणंही झालं. ११ एप्रिल २०१४ रोजी मुंबईत तो गेला. वर्षही उलटलं नाही तोच, फेब्रुवारी २०१५ मध्ये, आत्माराम भेंडेही गेले.

आमच्या पनवेलच्या वासुदेव बळवंत फडके नाट्यगृहासारख्या ठिकाणी नाट्यपदं आजही रंगतात. नाट्यसंगीताच्या स्पर्धा घेणाऱ्या संस्थांकडे माझी एकच मागणी आहे : ‘तीन पैशाचा तमाशा’तलं गाणंही स्पर्धकांना गाऊ द्यावं, ड्रम आणि गिटारच्या साथीनं.