अश्वांच्या अभ्यासातील गुणात्मक संशोधनपद्धती

दर्शन, स्पर्शन व प्रश्न या त्रिविध परीक्षेपैकी प्रश्नपरीक्षा अश्वाच्या बाबतीत त्याच्या पालकावर अवलंबून असते. रुग्ण मूक, त्याची व्यथा दुसऱ्याच्या शब्दांतून आपल्यापर्यंत पोहोचते. हे शब्द पुरावा म्हणून कसे नोंदवावेत, हा गुणात्मक संशोधनपद्धतीचा विषय आहे.

नाडीची गती व शरीराचे तापमान संख्यात्मक पद्धतीने मोजता येते. अश्व कसा वागतो आणि पालक त्याचा काय अर्थ लावतो, हे गुणात्मक पद्धती तपासते. मुक्त मुलाखत, सहवासातील निरीक्षण व वर्तनाचे वर्णनात्मक मूल्यांकन ही तिची प्रमुख साधने होत. शेवटच्या साधनात अनेक निरीक्षक तेच प्राणी पाहून, परस्परांशी न बोलता, आपापल्या शब्दांत नोंदी करतात; मग त्यांतील एकवाक्यता तपासली जाते.

ही दक्षता का, हे बर्लिनच्या ‘हान्स’ या अश्वाने शिकविले. तो टापांनी गणिते सोडवितो, अशी ख्याती होती. ओस्कार फुंग्स्ट यांनी १९०७ मध्ये दाखविले की, तो प्रश्नकर्त्याच्या नकळत होणाऱ्या सूक्ष्म हालचाली ओळखत असे. प्रश्नकर्त्यालाच उत्तर ठाऊक नसले की हान्स चुके.

आपल्याकडे सारंगखेडा (जि. नंदुरबार) व माळेगाव (जि. नांदेड) येथील यात्रांतील घोडेबाजार हे अशा अभ्यासाचे उत्तम क्षेत्र आहे. भोवरे पाहून वा ‘पंचकल्याणी’ म्हणून अश्व निवडला जातो, तेव्हा संशोधकाने त्या समजुतीची थट्टा करू नये व ती सिद्धही मानू नये; तिचा खरेदीवर व संगोपनावर काय परिणाम होतो, ते विचारावे.

औषधालयातही ही शिस्त उपयोगी पडते. ‘घोडा सुस्त आहे, पाचक चूर्ण द्या’ असे म्हणत पालक आल्यास ‘पोट दुखते ना?’ असे विचारू नये. उत्तर प्रश्नातच दिल्यासारखे होते. ‘आपण काय पाहिले?’ असे विचारून त्याचेच शब्द लिहावेत व आपला तर्क निराळ्या रकान्यात नोंदवावा. पुढच्या पायाने जमीन उकरणे, कुशीकडे वळून पाहणे, वारंवार लोळणे, लीद न होणे असे सांगितले गेल्यास उदरशूळाची शंका घ्यावी. अश्वाला वांती होत नाही. जठर फुगून फुटूही शकते. अशा वेळी चूर्ण देऊन वेळ दवडू नये. तत्काळ पशुवैद्यकास बोलवावे. नागपुरात १९५८ पासून पशुवैद्यक महाविद्यालय आहे, हे आपले भाग्यच.

पालकाचे शब्द जसेच्या तसे टिपणे ही संशोधनाची पहिली पायरी आहे. कित्येकदा प्राणरक्षणाचीही तीच असते.