स्वस्त विमानाचा शंभर वर्षांचा जमाखर्च

खासगी मालकीचे पहिले छोटे विमान कोणते घ्यावे, हा प्रश्न यवतसारख्या उसाच्या गावी चारचौघांत कोणी काढला तर आजही हसे होईल. परंतु ज्या सोलापूर रस्त्यावर हे गाव वसले आहे त्याच रस्त्यावर पुण्याच्या बाजूस हडपसरला १९५० साली सरकारी ग्लायडिंग केंद्र स्थापन झाले, आणि पूर्वेस पाटसवरून फुटणाऱ्या वाटेने गेल्यास बारामतीची धावपट्टी लागते, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या प्रश्नाचा मागोवा घेणे अगदीच अप्रस्तुत ठरू नये.

या हकिकतीचा आरंभ फेब्रुवारी १९२५ मधला. त्या महिन्यात इंग्लंडात डी हॅविलंड यांच्या ‘मॉथ’ने पहिले उड्डाण केले. लाकडी सांगाडा, त्यावर ताणलेले कापड, मागेपुढे दोन आसने, आणि पंख मागे दुमडले की मोटारीमागे बांधून ओढत नेऊन साध्या छपरीत ठेवता येईल असे ते यंत्र होते. पुढे त्याच वंशातल्या ‘जिप्सी मॉथ’ची किंमत ६५० पौंडांवर आली, दीड शिलिंगाच्या तेव्हाच्या रुपयाने हिशेब केला तर ही रक्कम साडेआठ हजारांच्या थोडी वर जाते. अमेरिकेत १९३८ च्या सुमारास ‘पायपर कब’ हजार डॉलरांच्या आसपास मिळू लागले. म्हणजे यंत्राची किंमत हीच खरी अडचण होती असे म्हणवत नाही. १० फेब्रुवारी १९२९ रोजी या देशातला पहिल्या क्रमांकाचा वैमानिक परवाना मिळवणारे जे. आर. डी. टाटा यांच्यासारख्या श्रीमंतानेही विद्या घेतली ती मुंबईच्या फ्लाइंग क्लबात, क्लबच्या विमानावर. कारण छप्पर, पेट्रोल, विमा, तपासनिसाचा दाखला आणि उतरण्यास सपाट जमीन हा नित्याचा खर्च एकट्याच्या खाती घालण्यापेक्षा शेकडोंत वाटून घेणे तेव्हाही रास्त होते.

स्वातंत्र्यानंतर ही क्लबची वहिवाट सरकारने उचलून धरली. कोल्हापूर जिल्ह्यात जन्मलेले आणि जर्मनीत ग्योटिंगेनला वायुगतिशास्त्रज्ञ प्रांटल यांच्या हाताखाली शिकलेले डॉ. विष्णु माधव घाटगे बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये आरेखनाचे प्रमुख होते. त्यांच्या कारकिर्दीत २८ सप्टेंबर १९५८ रोजी ‘पुष्पक’ उडाले. नव्वद अश्वशक्तीचे, शेजारी शेजारी दोन आसनांचे हे विमान सुमारे दीडशेच्या संख्येने बनले आणि बहुतेक क्लबांच्याच दारी गेले. माझ्या मते आपल्याकडच्या सामान्य माणसाच्या विमानाच्या इतक्या जवळ नंतर कोणी आले नाही.

हडपसरच्या बिनइंजिनाच्या ग्लायडरची तऱ्हा याहून साधी. लोखंडी दोराचे एक टोक ग्लायडरच्या पोटाखालच्या आकड्यात, दुसरे मैदानाच्या पलीकडच्या विंचच्या, म्हणजे दोर गुंडाळणाऱ्या यंत्राच्या, पिंपावर. एक जण पंखाचे टोक हाती धरून उभा, दोर ताणला की तो चार पावले धावतो, आणि पंख त्याच्या हातून सुटतो न सुटतो तोच ग्लायडर पतंगासारखा उभा चढतो. आकाशात पेट्रोलचा थेंब नाही!

अलीकडचा काळ लवकर सांगून संपतो. ‘सेसना १५२’सारख्या क्लबच्या छोट्या विमानाला लागणारे विशेष पेट्रोल दीर्घकाळ परदेशातून येई, इंडियन ऑइलने ते वडोदऱ्यास बनवून बाजारात आणले २०२२ मध्ये. ‘रोटॅक्स’ इंजिनाच्या छोट्या विमानांना मोटारीचे पेट्रोल चालते, एवढी सवलत. स्वतःच विमान बांधावे म्हटले, तर वैमानिक अमोल यादव यांचा अनुभव समोर आहे : कांदिवलीच्या गच्चीवर बांधलेले त्यांचे सहा आसनी विमान फेब्रुवारी २०१६ च्या ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात लोकांनी पाहिले, पण नोंदणी पदरी पडायला नोव्हेंबर २०१७ उजाडला.

यवत-दौंडच्या ज्या बागायतदाराच्या वा त्याच्या मुलामुलींच्या मनात हे खूळ शिरले असेल, त्याने आधी चाळीस तासांचे उड्डाण करून खासगी वैमानिकाचा परवाना घ्यावा, तीन-चार भागीदार जोडावेत, विमान ठेवण्याच्या जागेची लेखी मंजुरी हाती करावी, आणि जवळच्या इंजिनिअरला कोणत्या जातीच्या विमानावर सही करण्याचा अधिकार आहे ते विचारावे. त्याच जातीचे वापरलेले विमान घ्यावे, मग ते दिसायला कसेही असो.