युकुलेलेची तार का तुटते?

मदेइरा बेटावरून १८७९ साली हवाईत आलेल्या पोर्तुगीजांच्या छोट्या तंतुवाद्यांतून युकुलेले घडले. त्याला प्रथम आतड्याची तात लावीत. दुसऱ्या महायुद्धानंतर नायलॉन रूढ झाले.

तार वारंवार तुटू लागली की वादक बहुधा अधिक जाड तार चढवितो. हा उपाय भ्रामक होय. द्रव्य, लांबी व स्वर तेच असता जाडीबरोबर ताणही वाढतो. छेदाच्या दर एककावरील भार पूर्वीइतकाच राहतो. शिवाय सेकंदाला ४४० कंपनांच्या वरच्या तारेतही हा भार नायलॉनच्या भंगमर्यादेहून पुष्कळ कमी असतो. (चुकून सप्तकभर वर चढविल्यास मात्र ताण चौपट होतो.) तेव्हा दोष बहुधा आधारात असतो, आणि तुटलेले टोक तो दाखविते, ते फेकून देणे म्हणजे पुरावाच नष्ट करणे. भंग घोडीवर असल्यास तेथील कड तीक्ष्ण असते. मानेच्या टोकाशी असल्यास खाच अरुंद वा खरखरीत. खुंटीपाशी असल्यास छिद्राची कड तपासावी. बारीक पॉलिशकागदाने कड गोलसर करावी. खाच रुंद करावी, पण खोल करू नये. तार पडद्यांवर आपटून झणझणते. पोलादी तार तर लावूच नये. तिच्या ताणाने घोडीच उखडते.