चाळीस हजारांत हात मिळतो काय?

पत्रा कापण्याच्या यंत्रावर काम करता करता उजव्या हाताची चार बोटे गेली. वय वर्षे तीस. धनी तसा भला माणूस. त्याने आपल्याच गाडीतून इस्पितळात नेले, औषधपाण्याचा खर्च केला, आणि टाके निघाल्यावर घरी येऊन चाळीस हजार रुपये हातावर ठेवले. अर्थात डाव्या हातावर. बरोबर एक मुद्रांकही होता. ‘मला सर्व रक्कम पोचली, यापुढे माझी कसलीही तक्रार नाही,’ अशा मजकुराखाली कामगाराने अंगठा उमटवला. कारण सही करावयाचा हात उरला नव्हता. म्हाताऱ्या आईने धन्याला आशीर्वाद दिले आणि शेजाऱ्यांनी प्रारब्धाला दोष दिला. असा कागद आमच्या मेजावर एकदा नव्हे, अनेकदा आलेला आहे. गाव, अवयव आणि आकडा तेवढा बदलतो.

या कागदात कोणाचे काय चुकले, असे आमचे व्यापारी बंधू विचारतील. धन्याने पळ काढला नाही, दवाखान्यात नेले, वर रोकड दिली. आणखी त्याने काय करावे? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर भावनेने न देता आपण वहीखात्यानेच देऊ.

कामावर असता अपघात होऊन जो मनुष्य कायमचा व पूर्ण अपंग होतो, त्याच्या भरपाईचे सूत्र कायद्याने बांधून दिले आहे. मासिक वेतनाचे शेकडा साठ घ्यावे व वयानुसार परिशिष्टात दिलेल्या गुणकाने त्यास गुणावे. तीस वर्षांच्या माणसाचा गुणक २०७.९८ आहे. हिशेबात धरावयाच्या वेतनाची कमाल मर्यादा २०२० च्या जानेवारीत ८,००० वरून १५,००० रुपये झाली. त्या दराने साठ टक्के म्हणजे ९,०००, आणि गुणाकार १८,७१,८२० रुपये. एका हाताची चारही बोटे गेल्यास कमाईची शक्ती शेकडा पन्नासने घटली असे परिशिष्टच मानते. म्हणजे आमच्या या कामगाराचे किमान येणे ९,३५,९१० रुपये होते. धन्याने चाळीस हजार दिले. उरलेले आठ लाख पंचाण्णव हजार नऊशे दहा रुपये कोणत्या खात्यावर टाकावे, हे वाचकांनीच सांगावे. औषधपाण्याचा खर्च यात वळता करता येत नाही. तो धन्याने वेगळा सोसावयाचा, असे २००९ च्या दुरुस्तीने ठरलेले आहे.

आता त्या मुद्रांकाची गोष्ट. कामगाराने आपला भरपाईचा हक्क सोडून दिल्याचा करार कायद्याच्या दृष्टीने रद्दबातल असतो. त्याच्याखाली अंगठा असो की झोकदार सही. उभयतांनी रक्कम ठरवून तडजोड केली असेल, तर तिची नोंद आयुक्तांकडे करावी लागते. रक्कम अपुरी वाटल्यास, किंवा ती फसवून अथवा दडपणाखाली ठरली असे दिसल्यास, आयुक्त ती नोंद नाकारू शकतात. नोंद न केलेली तडजोड धन्याच्याच गळ्याशी येते, कारण मग त्याला पूर्ण रक्कम द्यावी लागते आणि आयुक्तांनी वेगळा हुकूम न केल्यास आधी दिलेल्या रकमेपैकी अर्ध्याहून अधिक वजाही घालता येत नाही. चाळीस हजारांतले वीस हजार असे पाण्यात जातात. मुद्रांक विकणारा ही गोष्ट सांगत नाही, आणि सांगण्याचे त्याचे कामही नव्हे.

हा कायदा आकाशातून पडला नाही, आणि परक्या सरकारच्या कनवाळूपणातूनही तो उपजला नाही. १८८४ साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांची सभा भरविली व सुमारे साडेपाच हजार सह्यांचा अर्ज तयार केला. त्यात रविवारच्या सुटीची, दुपारच्या अर्ध्या तासाच्या विसाव्याची आणि पगार वेळेवर मिळण्याची मागणी होती, हे पुष्कळांस ठाऊक आहे. परंतु त्याच अर्जात आणखी एक कलम होते: कामावर जबर दुखापत झाल्यास बरे होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा, आणि जन्माचे पंगुत्व आल्यास निर्वाहाची योग्य तजवीज व्हावी. खुद्द इंग्लंडातला असा कायदा १८९७ चा. आमच्या परळच्या कामगाराने ही गोष्ट त्याच्या तेरा वर्षे आधी मागितली होती! इकडे तोवर १८५५ च्या अधिनियमाचा आधार होता. पण तो केवळ मृतांच्या वारसांसाठी, आणि तोही दुसऱ्याचा दोष शाबीत झाला तर. जिवंत राहून लुळा झालेल्याने काय करावे, याविषयी तो अधिनियम मुका होता. लोखंडे १८९७ त वारले. कामगार भरपाईचा कायदा १९२३ साली झाला आणि १ जुलै १९२४ पासून अमलात आला. अर्ज आणि अंमल यांत चाळीस वर्षे गेली; तेवढ्या काळात किती हात गेले याची वही कोणी ठेवली नाही.

तो अधिनियम आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत विलीन झाला असून ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. भरपाईचे मूळ सूत्र तेच आहे. घराहून कामावर जाता-येता झालेला अपघातही, त्याची वेळ, जागा व परिस्थिती यांचा कामाशी संबंध असल्यास, कामावरचाच मानावा, असे संहितेने स्पष्ट केले आहे. जो कामगार राज्य विमा योजनेत विमेदार आहे, त्याला मात्र तिथूनच दरमहा रक्कम मिळते. त्याने धन्यावर हा वेगळा दावा करावयाचा नसतो. परंतु पाचसात माणसांच्या ज्या शेडमध्ये आमचा कामगार होता, तिथे योजनेचे नावही कोणी ऐकलेले नसते.

धन्याच्या बाजूने नेहमी एक बचाव येतो: चूक त्याचीच होती, त्याने यंत्राचा गार्ड काढून ठेवला होता. गार्ड असला की माल कमी निघतो, आणि माल कमी निघाला की बोलणी कोण देतो, हे आम्हांस विचारू नये. पण कायद्यापुरते बोलावयाचे तर, कामगाराने बुद्ध्या संरक्षक साधन काढले, किंवा तो नशेत होता, असे शाबीत झाल्यास भरपाई नाकारता येते हे खरे. मात्र मृत्यू अथवा कायमचे संपूर्ण पंगुत्व आले असल्यास हा बचाव चालत नाही. आणि संपूर्ण पंगुत्व म्हणजे सर्व अवयव गेले पाहिजेत, असे नाही. १९७५ साली सर्वोच्च न्यायालयापुढे एका सुताराचे प्रकरण आले. चित्रपटगृहातील शोभेचे लाकूडकाम करताना तो पडला आणि त्याचा डावा हात कापावा लागला. धन्याचे म्हणणे, एक हात शाबूत आहे, म्हणून नुकसान अंशतःच. न्यायालयाने विचारले ते एवढेच, की एका हाताने सुतारकाम होते काय? होत नाही, सबब पंगुत्व संपूर्ण. त्याच निर्णयात असेही ठरले की देणे अपघाताच्या दिवसापासूनच उत्पन्न होते, आयुक्तांच्या निकालापर्यंत थांबून राहत नाही. पुढे २०१० साली मोटार अपघाताच्या एका प्रकरणात त्याच न्यायालयाने ही कसोटी अधिक उलगडून दाखविली. डावा हात गेला तर मोटारचालकाची उपजीविका जवळजवळ पूर्ण बुडते. सरकारी कारकुनाची नोकरी मात्र चालू राहू शकते. तेव्हा डॉक्टरांच्या दाखल्यावरील टक्के आणि कमाईतले टक्के या दोन निराळ्या वस्तू आहेत. अर्ज लिहिताना बहुतेकांची चूक नेमकी इथे होते.

ज्यांच्या पदरी चारदोन माणसे आहेत अशा आमच्या व्यापारी वाचकांस एक गोष्ट विशेषेकरून सांगावयाची आहे. अपघातानंतर महिन्याच्या आत रक्कम न भरल्यास तिजवर शेकडा बारा व्याज चढते. विलंबास सबळ कारण नसल्यास पन्नास टक्क्यांपर्यंत दंडही होतो. विमा असल्यास मूळ रक्कम व व्याज विमा कंपनी देते. दंड मात्र, १९९७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाप्रमाणे, धन्याने स्वतःच्याच खिशातून द्यावयाचा असतो. कामगार ठेकेदाराचा होता असे सांगून सुटकाही होत नाही. आपल्याच धंद्याचे काम असेल तर आधी मूळ मालकाने भरावे व मग ठेकेदाराकडून वसूल करावे. लहान धंदेवाल्यास नऊ लाख एकदम देणे म्हणजे दुकान उठणे, हे आम्ही जाणतो. पण गोदामातल्या मालाचा आगीचा विमा उतरवताना जो हात कचरत नाही, तो माणसांचा विमा उतरवतानाच का आखडावा?

कामगारानेही काही पथ्य पाळावयास हवे. अपघाताची खबर ताबडतोब लेखी द्यावी. इस्पितळातील केसपेपर धन्याच्या ताब्यात राहू देऊ नयेत. हजेरीपटावर नाव नसेल तर शेजारच्या यंत्रावरील सोबत्याची साक्ष चालते. वेतन रोखीने मिळत असेल तर तेही साक्षीने सांगता येते. अर्जाची मुदत दोन वर्षांची. पुरेसे कारण दाखविल्यास उशीर माफ होतो, पण त्या आशेवर राहू नये.

परमुलखातून येऊन भोसरी वा भिवंडीत राबणारा मनुष्य हात गेल्यावर बहुधा गावी परततो, आणि आपला हक्क कारखान्याच्या फाटकापाशीच राहिला असे समजतो. वास्तविक तो जिथे नित्य राहतो, तिथल्या आयुक्तांकडेही त्यास अर्ज करता येतो. ही सोय गेली कित्येक वर्षे कायद्यात आहे. ज्यांच्या ओळखीत असा कोणी परतलेला असेल, त्यांनी त्यास आजच पत्र टाकावे, आणि अपघाताची तारीख विचारून घ्यावी.