बारीक अंगातलं जादा इन्सुलिन

‘साखर नॉर्मल, पण इन्सुलिन वाढलेलं. मी असो बारीक, माका ह्यां कित्याक?’ वेंगुर्ल्याच्या एका वाचकाने विचारलं आहे. याचं उत्तर पुण्यात आहे.

केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन हे सहसंशोधक. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. अंगातली चरबी मोजली, तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२! दोघे शेजारी उभे असलेला फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. संशोधकाने स्वतःचंच शरीर पुरावा म्हणून मांडावं, हे मला फार मोलाचं वाटतं.

वजनकाट्याला न दिसणारी ही चरबी पोटात, यकृतात साठते. जेवणानंतरची बरीचशी साखर स्नायूंनी उचलायची असते. पण आपल्या भारतीयांचे स्नायू मुळात कमी, त्यात ते इन्सुलिनला दाद देईनासे होतात. कमी ऐकू येणाऱ्याशी आपण आवाज चढवून बोलतो, तसं स्वादुपिंड इन्सुलिन वाढवत नेतं. साखर वर्षानुवर्षं ताब्यात राहते. मात्र सगळेच अवयव बहिरे झालेले नसतात. तो चढा आवाज मूत्रपिंडाला ऐकू जातो, ते मीठ धरून ठेवतं आणि रक्तदाब वाढायला हातभार लागतो. यकृत आणखी चरबी बनवतं. बीजकोशांतून पुरुषी संप्रेरकं जास्त स्रवतात, पाळी बिघडते. स्वादुपिंड थकलं, की मग मधुमेह.

‘दोनदाच जेवा’ या सल्ल्यामुळे इन्सुलिन हा शब्द महाराष्ट्रात घरोघरी पोचला. पण सगळा दोष ताटावर ढकलू नये. याज्ञिकांच्या गटाने २००२ साली पुणे आणि लंडनमधल्या नवजात बाळांच्या नाळेतलं रक्त तपासलं. आपली बाळं वजनाने बरीच कमी, तरी त्यांचं इन्सुलिन जास्त! एक घासही न खाल्लेल्या जीवाचं. या शोधाची चर्चा आहारपद्धतींच्या मानाने फारच कमी झाली, याची मला खंत वाटते.

तेव्हा वाचकहो, इन्सुलिनची चाचणी पुन्हापुन्हा करू नका. प्रयोगशाळेगणिक आकडे बदलतात. कंबर मोजा. पुरुषांची ९० आणि स्त्रियांची ८० सेंटिमीटरच्या आत हवी. शिवाय स्नायूंना काम द्या, चढ चढा, वजन उचला.

पुढच्या पिढीसाठीचा प्रयोगही पुण्याजवळच्या गावांत झाला. १९९३ पासून गर्भातच ज्यांची मोजमापं घेतली, त्यांतल्याच अनेक मुलामुलींना २०१२ पासून, आईबाप होण्याआधीच, बी-१२ जीवनसत्त्व देण्यात आलं. त्यांच्या बाळांच्या नाळेतलं रक्तही तपासलं गेलं.