कोलेस्टेरॉलवरील औषधे आणि पेटंटची मर्यादा

रक्तातील कोलेस्टेरॉलचे नियमन यकृत कसे करते, याचा शोध घेताना शास्त्रज्ञांच्या हाती ‘पीसीएसके9’ हे प्रथिन लागले. त्यातून नवी औषधे निर्माण झाली आणि त्यांवरील हक्काचा वाद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला. 18 मे 2023 रोजी न्यायालयाने एकमताने दिलेला निर्णय औषध संशोधनाच्या क्षेत्रात महत्त्वाचा मानला जातो.

‘वाईट कोलेस्टेरॉल’ म्हणून ओळखले जाणारे एलडीएलचे कण यकृताच्या पेशींवरील ग्राही प्रथिने टिपून घेतात. हे कण पेशीत सोडून ग्राही पुन्हा पृष्ठभागावर परततात. या ग्राहींवरील मूलभूत संशोधनासाठी मायकेल ब्राऊन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांना 1985 मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. पीसीएसके9 ग्राहीला चिकटले की तो परत न येता पेशीतच नष्ट होतो. परिणामी रक्तातील एलडीएल वाढते.

या प्रथिनाचे महत्त्व 2003 मध्ये स्पष्ट झाले. आनुवंशिक उच्च कोलेस्टेरॉल असलेल्या फ्रान्समधील कुटुंबांत त्याच्या जनुकात दोष आढळला. 2006 मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी याची दुसरी बाजू दाखवली. हे जनुक अंशतः निकामी असलेल्या कृष्णवर्णीय व्यक्तींमध्ये एलडीएल सरासरी 28 टक्के, तर हृदयधमनी विकाराचा धोका 88 टक्के कमी होता.

त्यामुळे पीसीएसके9 ला ग्राहीपासून दूर ठेवणाऱ्या प्रतिपिंडांचा विकास वेगाने झाला. ॲमजेनचे इव्होलोक्युमॅब आणि सॅनोफी-रीजेनेरॉनचे ॲलिरोक्युमॅब या इंजेक्शनांना 2015 मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली. 27,564 रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष 2017 मध्ये प्रसिद्ध झाले. स्टॅटिनच्या जोडीला इव्होलोक्युमॅब दिल्यावर एलडीएल 59 टक्क्यांनी घटले आणि हृदयविकाराचा झटका, पक्षाघात यांसारख्या घटनांचा एकत्रित धोका 15 टक्क्यांनी कमी झाला.

ॲमजेनने आपल्या पेटंटमध्ये 26 प्रतिपिंडांची अमिनो आम्लांची रचना दिली होती. हक्क मात्र पीसीएसके9 च्या ठरावीक भागाला चिकटून त्याचे कार्य रोखणाऱ्या सर्वच प्रतिपिंडांवर सांगितला होता. त्याआधारे कंपनीने प्रतिस्पर्ध्यांविरुद्ध दावा दाखल केला. न्यायालयाने तो मान्य केला नाही. उर्वरित प्रतिपिंडे शोधण्यासाठी दिलेली पद्धत म्हणजे इतरांनी पुन्हा प्रयोग करून पाहण्याची सूचनाच आहे, असे न्यायालयाचे मत पडले. हक्क जितका व्यापक, तितकी माहितीही परिपूर्ण हवी, हे तत्त्व त्यातून अधोरेखित झाले.

पेटंट हा समाज आणि शोधकर्ता यांच्यातील करार असतो. ठरावीक मुदतीच्या मक्तेदारीच्या मोबदल्यात शोधाचे ज्ञान सर्वांसाठी खुले करावे लागते. भारताच्या 1970 च्या पेटंट कायद्यातील कलम 10 मध्येही शोधाचे संपूर्ण वर्णन देण्याचे बंधन आहे.

रुग्णांच्या दृष्टीने स्पर्धा महत्त्वाची ठरते. अमेरिकेत इव्होलोक्युमॅबची छापील वार्षिक किंमत प्रारंभी सुमारे 14,000 डॉलर होती. 2018 मध्ये ती 5,850 डॉलरवर आणण्यात आली. इन्क्लिसिरान या औषधाने तर वेगळा मार्ग धरला. ते यकृतात पीसीएसके9 ची निर्मितीच रोखते आणि सुरुवातीच्या दोन मात्रांनंतर वर्षातून दोनदा द्यावे लागते. लक्ष्य एकच असले, तरी त्याकडे जाणारे मार्ग अनेक असू शकतात. हे मार्ग इतर संशोधकांसाठी मोकळे राहणे, हाच या निर्णयाचा व्यापक अर्थ आहे.