उलटी कोलांटउडी : आधी पायऱ्या, मग उडी

मंडळी, जत्रेत डोंबाऱ्याचा खेळ उभा राहिला, की त्याचं पोर उभ्या जागेवरून उसळतं, हात न टेकता हवेत मागं गिरकी घेतं आणि पुन्हा पायांवर उभं राहतं. आता हीच उडी मोबाईलवरही दिसते. दुसऱ्या दिवशी आपली मुलं खळ्यात तोच प्रयत्न करतात. नुसतं "नको" म्हणून ती थांबत नाहीत. आपली पाठ वळली की करतातच. म्हणून ही उडी कशी शिकावी, ते आज पाहू.

धोका मानेचा आहे. मोडलेला हात बहुधा सांधतो. पण मानेतल्या मज्जारज्जूला इजा झाली, तर हातपाय जन्मभर लुळे पडू शकतात.

नवशिक्याची नेहमीची चूक म्हणजे डोकं मागं टाकून मागं झेपावणं. त्यामुळं उंची मिळत नाही आणि डोकं खाली असतानाच जमीन येते. खरी रीत अशी : आधी सरळ वर उडायचं. हात खालून झपाट्यानं कानांपर्यंत न्यायचे, नजर समोर ठेवायची, आणि उंची मिळाली की गुडघे छातीशी ओढायचे. दोरीला बांधलेला दगड फिरवताना दोरी बोटाला गुंडाळत गेली, की दगड भराभर फिरतो ना? तसंच अंग आवळलं की गिरकीला वेग येतो. जमीन दिसली की अंग मोकळं करून, गुडघे थोडे वाकवून उतरायचं.

आता पायऱ्या. पहिली, गादीवर मागची लोळण. भार तळव्यांवर, मानेवर नव्हे. दुसरी, जागच्या जागी उंच उडी, मग गुडघे छातीशी घेऊन उडी. तिसरी, दोन जाणत्या माणसांच्या आधारानं सावकाश गिरकी. प्रत्येकाचा एक हात कमरेमागं, दुसरा मांडीमागं. चौथी, त्याच आधारानं खरी उडी. आधार केव्हा काढायचा, ते शिकवणाऱ्यानं ठरवावं, मुलानं नव्हे. तालमीत किंवा व्यायामशाळेत असा जाणकार नसेल, तर दुसऱ्या पायरीवरच थांबावं. त्यात कमीपणा नाही.

जागाही पारखून घ्या. नदीकाठची ओली वाळू दिसते मऊ, पण असते कठीण. गवताच्या गंजीत खुंटा किंवा दाताळं दडलेलं असतं. विहिरीत तर ही उडी नकोच. उडताना पायाखाली घट्ट जमीन आणि उतरायला जाड गाद्या हव्यात. तरीही गादी मानेची हमी देत नाही, हे ध्यानात असू द्या.

शिक्षकबंधुभगिनींनो, एक विनंती. हवेत गेल्यावर मन कचरलं आणि अंग अर्ध्यात मोकळं सोडलं, तर पोर डोक्यावर येतं. म्हणून "गुरुजी, आज नको" म्हणणाऱ्या मुलाला कुणालाही हसू देऊ नका. त्या दिवशी त्याला लोळणच घालू द्या.

आणि कुणी मानेवर पडलंच, तर त्याला उचलू नका, बसवू नका, पाणी पाजू नका. डोकं आहे तसंच दोन्ही हातांनी स्थिर धरा आणि १०८ क्रमांकावर फोन करा. मुंग्या आल्या नाहीत, हात हलतो आहे, म्हणून घाई करू नका. डॉक्टर पाहीपर्यंत धीर धरा.